पाणी हात राखून

सेंट किट्स अँड नेव्हिस हा देश नकाशावर बोट ठेवून दाखवायला गेलं तर बोटाखालीच झाकला जातो. कॅरिबियन समुद्रातली दोन बेटं, मिळून 261 चौरस किलोमीटर, वस्ती पन्नास हजारांच्या आसपास. नुसती मुंबई याहून मोठी. पण 1983 साली स्वतंत्र झालेल्या या देशाने राष्ट्रगीत आणि झेंडा ठरवला तसं पुढे राष्ट्रीय जेवणही ठरवून टाकलं. तो एकच पदार्थ नाही, चार पदार्थांचं भरलेलं ताट आहे. कांदा-टोमॅटोत शिजवलेला खारा मासा, आलं-मिरची लावून तळलेली पिकी राजेळी, परतलेला निरफणस आणि नारळाची डंपलिंगं.

पहिल्या तिघांची मला धास्ती नव्हती. माहेर चिपळूणचं, त्यामुळे खारवलेला मासा, राजेळी केळी आणि निरफणसाची कापं हे सगळं घरचंच. चौथ्याशी मात्र ओळख नव्हती. मैद्यात नारळ घालून उकळत्या पाण्यात शिजवायचे गोळे, त्यात सारण नाही, गूळ नाही, वर तूप नाही. ऐकून भूक लागावी असं त्यात काहीच नव्हतं. आता मात्र आठवड्यातून एकदा तरी होतात.

आम्ही इथे आहोत ते नवऱ्याच्या नोकरीमुळे. या बेटावर परदेशी विद्यार्थ्यांसाठी वैद्यकीय कॉलेजं आहेत. भारतातूनही मुलं डॉक्टर व्हायला येतात. त्यांतल्या एका कॉलेजात तो शिकवतो. राजधानी बॅसटेरमध्ये एका दुमजली घराचा खालचा मजला आम्ही भाड्याने घेतलाय. वर घरमालकीणबाई राहतात. वय सत्तरीच्या पुढे, आवाज खणखणीत. मी त्यांना आंटी म्हणते, कारण इथे वडीलधाऱ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारली तर 'हिला काही वळण नाही' असं धरून चालतात. या बाबतीत चिपळूण आणि बॅसटेरमध्ये काडीचा फरक नाही. डंपलिंगं मी त्यांच्या ओट्याशी उभी राहून शिकले. त्यांनी शिकवली असं म्हणता येणार नाही. त्या करत होत्या आणि मी मध्ये मध्ये करत होते.

सुरुवात नारळापासून. रस्त्याच्या कडेला शहाळी विकणारे पुष्कळ असतात, पण तो नारळ इथे कामाचा नाही. जून नारळ हवा. सोललेला, तपकिरी, कानाशी धरून हलवला की पाणी वाजलं पाहिजे. आंटी तो डाव्या तळहातावर घेतात आणि कोयत्याच्या पाठीने कमरेवर चार टिचक्या मारतात, दर टिचकीला नारळ थोडा फिरवतात. दोन वाट्या अशा सरळ सुटतात की बघत राहावं. पाणी पेल्यात, पेला माझ्या हातात. मग बोथट सुरीने खोबऱ्याच्या फाका करवंटीतून उचकटून काढायच्या. पाठीची तपकिरी साल काहीजण काढतात. आंटी काढत नाहीत. "साल काढलेलं खोबरं केकला," असा त्यांचा कायदा आहे.

खरी मजा पुढे. आंटींची किसणी म्हणजे जुन्या पत्र्याचा तुकडा. एका बाजूने खिळ्याने भोकं पाडलेली, त्यामुळे दुसऱ्या बाजूला धार आलेली, आणि तो लाकडी पट्टीवर ठोकलेला. कॅरिबियनमध्ये अशा घरगुती किसण्या जुन्या घरांत अजून सापडतात. तिच्यावर फाका घासायच्या आणि बोटं सांभाळायची. मी कौतुकाने खालून माझी विळी आणली. सामानात तिचं वजन केवढं झालं होतं ते मलाच ठाऊक. पाट टाकून बसले, अर्धी वाटी दातऱ्या चकतीवर फिरवली आणि पांढराशुभ्र चव, म्हणजे खवलेलं खोबरं, परातीत पडू लागला. आंटी कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. बसून खवणायचं हे त्यांना फार पटलं. गुडघे धरलेल्या माणसाला जमिनीवर बसणं कसं परवडेल, एवढीच शंका त्यांनी काढली. शंका रास्त होती.

पण डंपलिंगांना किसणीचाच नारळ बरा, असं माझं मत झालंय. विळीवरचा चव मऊ आणि रसाळ असतो, मैद्यात मिसळला की पीठ चटकन ओलं होतं आणि शिजल्यावर खोबरं कुठे गेलं ते कळत नाही. किसणीवर बारीक, ताठ शेवया पडतात. त्या शिजल्यावरही दाताखाली येतात. ज्या पदार्थात मैदा, मीठ आणि नारळ एवढंच आहे, त्यात नारळ दाताला लागायला नको का? विळी आता सोलकढीला आणि मोदकांना. या कामाला मीही किसणी घेते.

प्रमाण असं. दीड कप मैदा, अर्धा कप किसलेलं ओलं खोबरं, पाव चमचा मीठ, एक मोठा चमचा तेल, एक मोठा चमचा मार्जरीन आणि अर्ध्या कपापर्यंत पाणी. 'पर्यंत' या शब्दावर सगळं अडलंय. मैदा, खोबरं आणि मीठ आधी कोरडंच बोटांनी कालवायचं, खोबऱ्याचे गुंते सोडवत. मग तेल आणि मार्जरीन मोहनासारखं चोळायचं, आणि पाच-सात मिनिटं परात तशीच सोडून द्यायची. तेवढ्यात ओल्या खोबऱ्याला स्वतःचं पाणी सुटू लागतं, मीठ त्याला आणखी ओढून काढतं, आणि मुठीत दाबलं तर मैदा आताच जरा धरू लागल्याचं जाणवतं. अजून पाण्याचा थेंब घातलेला नसतो.

आता पाणी. भरलेला अर्धा कप शेजारी ठेवायचा आणि त्यातलं हात राखून, चमच्या-चमच्याने घालायचं. आंटींच्या कपात दर वेळी तळाला पाणी उरतं, कधी बोटभर, कधी त्याहून जास्त. नारळ किती जून आहे आणि त्या दिवशी हवा किती दमट आहे, यावर ते ठरतं. गोळा पुरीच्या कणकेहून घट्ट हवा. मळताना मनगटाला त्रास झाला पाहिजे. पहिली दोन मिनिटं तो फाटतो, कडांना भेगा पडतात, खोबऱ्याचे तुरे बाहेर डोकावतात, आणि आपला हात आपोआप पाण्याच्या कपाकडे जातो. तो मागे घ्यायचा. तळहाताच्या गादीने रेटत राहिलं की चौथ्या-पाचव्या मिनिटाला गोळा एकजीव होतो, परातीला चिकटायचा थांबतो आणि तळहातावर नारळाच्या तेलाचा हलका लेप चढतो. झाकून दहा मिनिटं ठेवा. उघडून बघाल तेव्हा तोच गोळा मघापेक्षा मऊ झालेला असेल. कपात राखलेल्या पाण्याचा हिशेब इथे लागतो. तेही घातलं असतं तर या टप्प्याला पीठ हाताला चिकटलं असतं आणि मग वरून मैदा भुरभुरवत बसावं लागलं असतं.

नारळाचं आणखी एक काम आहे. नुसता मैदा आणि पाणी एवढं जोर लावून मळलं तर शिजल्यावर रबर होतं. खोबऱ्याचे तंतू आणि मोहन मैद्याच्या चिवटपणाला जागोजागी तोडतात. त्यामुळे डंपलिंग घट्ट राहतं, पण ओढावं लागत नाही. दात बसला की तुटतं.

हे फोनवर आईला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे वरणफळंच की, नारळ घातलेली." आणि लगेच, "जरा सैल मळ गं, पाहुण्यांच्या पुढ्यात दगड नको ठेवूस." आपल्या स्वयंपाकाचं सगळं शहाणपण मऊपणाच्या बाजूचं. पोळी मऊ, मोदकाची उकड मऊ, इडली हलकी. घट्ट म्हटलं की ते बिघडलेलंच. मला हे मुद्दाम बाजूला ठेवावं लागलं, आणि ते आंटींच्या एका वाक्यामुळे जमलं. मी विचारलं होतं, थोडी बेकिंग पावडर घातली तर फुलतील ना? त्या म्हणाल्या, "फुगलेलं हवं असेल तर ब्रेड आण. हे उसाच्या रानात दुपारपर्यंत पोटात टिकायला हवं."

त्यांची आई ऊसतोडणीवर होती. पहाटे उठून डंपलिंगं उकडायची, थोडा खारा मासा परतायचा, डब्यात भरायचं आणि उजाडायच्या आत शेतावर. सेंट किट्सवर तीनशेहून अधिक वर्षं ऊस हेच सगळं होतं. आधी आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांच्या बळावर, गुलामी संपल्यावर तुटपुंज्या मजुरीवर. सरकारने साखरेचा कारखाना 2005 साली बंद केला. ऊस वाहणाऱ्या छोट्या रेल्वेचे रूळ अजून बेटाभोवती आहेत, आता त्यावरून क्रूझवरचे पर्यटक समुद्र बघत फिरतात. रूळांच्या कडेला रानटी झालेला ऊस अजून माजलेला दिसतो. आंटी त्या गाडीत कधी बसलेल्या नाहीत. तिकिटाचा आकडा ऐकून त्या हसतात.

हे कळल्यावर मी बेकिंग पावडरचा विषय काढला नाही.

आकार देण्यात फार कलाकुसर नाही. लिंबाएवढा गोळा घ्यायचा, दोन तळव्यांत वळायचा, मग दाबून बोटाच्या जाडीची लांबट टिक्की करायची आणि मधोमध अंगठ्याने खळगा पाडायचा. खळग्यामुळे मधला भाग पातळ होतो आणि कडेबरोबरच शिजतो, शिवाय पुढे रस्सा तिथे साठतो. जमैकात बारीक, दोन्ही टोकं निमुळती अशी वळतात. त्यांना स्पिनर म्हणतात, आणि ते सूपमध्ये पडतात. इथेही बोकडाच्या मटणाच्या पातळ रश्शात, म्हणजे गोट वॉटरमध्ये, छोटी डंपलिंगं सोडतात. ताटात मुख्य पदार्थ म्हणून वाढायची तर मोठी हवीत.

पातेलं मोठं घ्या, पाणी भरपूर, खळखळ उकळतं, मीठ घातलेलं. एकेक डंपलिंग कडेने सोडायचं. ती दगडासारखी तळाला जातात. लगेच उलथन्याच्या पाठीने हळूच तळ मोकळा करायचा, नाहीतर बूड लागतं. काही मिनिटांत पहिलं वर येतं, मग एकामागोमाग सगळी. इथे नवशिक्या माणसाला झारा उचलावासा वाटतो, कारण आपल्या डोक्यात बसलंय की तरंगलं म्हणजे झालं. तरंगणं म्हणजे एवढंच की आतली हवा तापून फुगली आणि मैद्याने पाणी पिऊन अंग धरलं. गाभा अजून कोरा असतो. एकूण बारा ते पंधरा मिनिटं लागतात. आंटी घड्याळ बघत नाहीत. त्या एक बाहेर काढून सुरीने आडवं कापतात. मधोमध खडूसारखी पांढरी, कोरडी रेघ दिसली तर अजून वेळ आहे. कापलेला भाग सगळीकडे सारखा, किंचित पिवळसर, बारीक जाळीचा, आणि खोबऱ्याचे तंतू काचेसारखे पारदर्शक झालेले दिसले की गॅस बंद.

आतापर्यंत पातेल्यातलं पाणी पिठूळ झालेलं असतं. ते ओतून देऊ नका. त्यातली पळीभर माशाच्या रश्शात गेली की रस्सा अंगासरशी येतो.

मासा म्हणजे खारवून वाळवलेला कॉड. आदल्या रात्री भिजत घालायचा, पाणी दोनदा तरी बदलायचं, सकाळी उकळून काटे काढायचे आणि बोटांनी मोकळा करायचा. तेलात लसूण, कांदा, भोपळी मिरची, कांद्याची पात, मग टोमॅटो, टोमॅटो विरघळला की मासा, शेवटी पार्सली आणि चमचाभर मार्जरीन. मीठ घालायचं नाही. कितीही भिजवला तरी मासा आपलं मीठ घेऊनच येतो. यात शिकण्यासारखं मला फार काही नव्हतं, सुकटीवर हात बसलेल्या कुणालाही हे जमेल.

पण कॉड या समुद्रातला नाहीच. तो उत्तर अटलांटिकच्या गार पाण्यातला, न्यूफाउंडलंडच्या बाजूचा. चारही बाजूंनी समुद्र असलेल्या बेटाच्या राष्ट्रीय ताटात हजारो किलोमीटरवरचा खारा मासा का, हे मला आधी कोडंच होतं. उत्तर साखरेत आहे. मळेवाल्यांना जमिनीचा तुकडा न् तुकडा उसाला हवा होता, गुलामांच्या पोटासाठी धान्य पिकवणं त्यांना परवडत नव्हतं. म्हणून पीठ आणि खारा मासा जहाजांतून यायचा आणि साखर, काकवी, रम परत जायची. चांगला कॉड युरोपच्या बाजारात जाई, उरलासुरला, तुटका, कमी प्रतीचा या बेटांवर. अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध सुरू झालं आणि तिकडची जहाजं बंद पडली, तेव्हा या बेटांवर गुलाम उपासमारीने मेले. त्यानंतर मळेवाल्यांना स्वस्त आणि भरपूर पिकणारं काहीतरी हवं झालं, आणि कॅप्टन ब्लाय ताहितीहून निरफणसाची रोपं आणायला निघाला. 1789 साली त्याच्या 'बाउंटी' जहाजावर बंड झालं आणि रोपं समुद्रात गेली. दुसऱ्या खेपेला, 1793 मध्ये, ती सेंट व्हिन्सेंट आणि जमैकात उतरली. आज आमच्या अंगणात जे निरफणसाचं झाड आहे ते त्याच खेपेच्या वंशातलं असणार.

एका दुपारी ही सगळी यादी मी आंटींना वाचून दाखवत होते. गहू इथे पिकत नाही. मासा उत्तरेचा. निरफणस ताहितीचा. केळं आशियातलं, आफ्रिकेच्या वाटेने आलेलं. "आणि नारळ?" त्यांनी विचारलं. तर नारळही इथला नाही. नारळाच्या जनुकांचा जो अभ्यास झालाय त्यात दोन मोठी घराणी निघतात, एक पॅसिफिकचं आणि एक हिंदी महासागराचं. अटलांटिकच्या काठावरचे नारळ दुसऱ्या घराण्यातले आहेत. वास्को द गामाने आफ्रिकेला वळसा घालून वाट उघडल्यावर पोर्तुगीज जहाजांतून ते आधी आफ्रिकेच्या पश्चिम बाजूला आणि तिथून सोळाव्या शतकात कॅरिबियनमध्ये आले.

"म्हणजे नारळ तुमचा," आंटी म्हणाल्या.

"हो, पण मिरची तुमची," मी म्हटलं. "आणि टोमॅटोही या बाजूचाच." मिरची त्याच पोर्तुगीजांनी उलट दिशेने आमच्याकडे आणली, त्याआधी आमच्याकडे तिखटाला मिरीच होती, हे त्यांना आधी खरंच वाटेना. मिरचीशिवायचा भारतीय त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहीना. मग म्हणाल्या, "तरी तू माझी मिरची जास्त वापरतेस." त्याला उत्तर नव्हतं.

भारतातून माणसंही आली होती. 1861 साली कलकत्त्याहून गिरमिटियांचं, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांचं, एक जहाज सेंट किट्सला लागलं होतं. पण करार संपल्यावर त्यांतले पुष्कळजण दुसऱ्या बेटांकडे पांगले. त्रिनिदादमध्ये जशी गल्लोगल्ली रोटी आणि डाळ मिळते तशी इथे मिळत नाही. इकडे येणारी जहाजं मुख्यतः कलकत्ता आणि मद्रासहून सुटत, त्यामुळे मराठी माणसाचा या इतिहासात फारसा भाग नाही. आमच्यासारखे आले ते विमानाने, नोकऱ्या आणि ॲडमिशन घेऊन.

त्या ॲडमिशनवाल्यांपैकी चार-पाच मुलं रविवारी आमच्याकडे जेवायला असतात. त्यांच्यापुढे हे ताट पहिल्यांदा ठेवलं तेव्हा सोलापूरच्या एका मुलाने डंपलिंगाचा तुकडा तोडला, चावला, जरा थांबला आणि फार हळू आवाजात म्हणाला, "काकू, हे आतून कच्चं राहिलंय का?" बाकीचे ताटात बघू लागले. मी काही न बोलता त्याच्याच ताटातलं दुसरं डंपलिंग आडवं कापलं आणि आतली जाळी दाखवली. शरीरशास्त्राचे धडे गिरवणारी पोरं, पुरावा समोर आला की मानतात. "घट्ट आहे, कच्चं नाही," असा निकाल शेजारच्या मुलीने दिला. मग त्यांना सांगितलं, ते नुसतं खायचं नसतं. खळग्यात माशाचा रस्सा घ्या, केळ्याचा गोड तुकडा सोबत घ्या, मग चावा. खारट, गोड, तिखट हे सगळं बाकीचे तिघे घेऊन येतात. डंपलिंगाचं काम त्यांना पेलून धरायचं. भाकरीशी तिच्या चवीवरून कुणी भांडतं का?

सोलापूरकराने नंतर मागून घेतली, पण ठेचा हवा म्हणाला. इथली स्कॉच बॉनेट मिरची दिसते भोपळी मिरचीच्या पोरासारखी, गोल आणि पिवळीधमक, आणि वासाला चक्क फळासारखी गोड. तिचा ठेचा मी करते, पण एका मिरचीला दहा-बारा लसूण पाकळ्या आणि मूठभर दाणे, आणि खिडक्या उघड्या. लवंगी मिरचीवर वाढलेलं ते पोर दोन घास खाऊन पाणी मागू लागलं. आंटी ती मिरची कापतच नाहीत. अख्खी, देठासकट रश्शात तरंगत ठेवतात आणि फुटायच्या आत काढून घेतात. नुसता वास उतरतो. ढवळताना ती फुटली तर मात्र जेवण संपेपर्यंत कुणी बोलत नाही.

श्रावणात नवरा मासे खात नाही. तेव्हा काय करावं हा प्रश्न भाजीवाल्याने सोडवला. तो रास्ताफारी पंथाचा आहे, आणि त्यांच्यात कडक पाळणारे लोक मांस-मासे खात नाहीत, मीठही टाळतात. त्यांचं इटल जेवण म्हणजे लाल भोपळा, गाजर, राजमा, कच्ची केळी, अळूची पानं, जे असेल ते नारळाच्या दुधात थाईम घालून शिजवायचं आणि त्यातच डंपलिंगं सोडायची. मार्जरीनऐवजी खोबरेल तेल. मी मीठ घालते, तेवढा अपराध. या पद्धतीत डंपलिंगं वेगळी उकडायची गरज नाही, पण रस पातळ आणि भरपूर ठेवावा लागतो, कारण ती त्यातलं बरंच पितात. भोपळा आधी अर्धा शिजू द्या, मग ती सोडा, झाकण थोडं किलकिलं ठेवा. नारळाचं दूध शेवटी निम्मं वरून घातलं तर फाटत नाही. मला स्वतःला ही डंपलिंगं माशाबरोबरच्यापेक्षा जास्त आवडतात, पण हे वरच्या मजल्यावर बोलायची सोय नाही.

तिकडे कुणाला करून बघायची असतील तर दोन-तीन गोष्टी. आपल्याकडचा मैदा इथल्यापेक्षा मऊ आणि बारीक असतो, त्यामुळे पाणी आणखी कमी लागेल. पाव कपावर थांबून बघा. कणकेची होतात, पण चिकट आणि जड होतात आणि नारळाची चव गव्हाखाली दबते. डेसिकेटेड कोकोनट वापरायचंच झालं तर आधी कोमट पाण्यात भिजवून पिळून घ्या, कोरडं घातलं तर ते उलट पिठातलं पाणी पिऊन टाकतं आणि सगळा हिशेब फिरतो. फ्रीझरमधला खवलेला नारळ चालेल, पूर्ण वितळू द्या आणि सुटलेलं पाणी मोजात धरा. खाऱ्या कॉडऐवजी कोकणातली खारवलेली सुरमई भिजवून घेतली तर मला वाटतं उत्तम लागेल. मळलेला गोळा फ्रिजमध्ये रात्रभर ठेवू नका, सकाळपर्यंत सैल पडलेला असतो. ठेवायचीच तर शिजवून ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी जाड चकत्या कापून तव्यावर थोड्या लोण्यात दोन्ही बाजूंनी लाल करायच्या. खोबऱ्याच्या कडा आधी खरपूस होतात. चहाबरोबर ताटली मधे ठेवली तर उरत नाहीत.

साखरेचा वाद मात्र मिटलेला नाही. आंटींची धाकटी बहीण नेव्हिसला असते. मधली सामुद्रधुनी जेमतेम तीन किलोमीटर रुंद, फेरीबोट रोज ये-जा करते. ती पिठात चमचाभर साखर आणि थोडं जायफळ घालते. आंटींच्या मते असं करणारी माणसं मिठाईच्या नादाला लागून जेवण बिघडवतात. बहिणीच्या मते सेंट किट्सवाल्यांना साखर पिकवता आली, खाता आली नाही. दोघी एकाच आईच्या हाताखाली शिकलेल्या, आणि आई कशी करायची याबद्दल दोघींच्या दोन साक्षी. बहीण यायची असते त्या रविवारी मी खाली गुपचूप दोन गोळे मळते आणि जायफळवाल्या डंपलिंगांना अंगठ्याऐवजी काट्याने खूण करते. आंटींना ती खूण माहीत आहे. परवा त्यांनी त्यांतलंच एक उचललं आणि माझ्याकडे न बघता रश्शात बुडवलं.